चौकटचा राजा उलटला तेव्हा

पणजीला मांडवी नदीत नांगरून ठेवलेल्या एका कॅसिनो जहाजावर मी सहा वर्षे पोकरचा डीलर, म्हणजे पाने वाटणारा, म्हणून काम करतो. डीलरने खेळायचे नसते, मत द्यायचे नसते आणि चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नसते. अर्ध्या तासाने टेबल सोडताना दोन्ही हात उलटसुलट करून ते मोकळे असल्याचे कॅमेऱ्याला दाखवायचे आणि निघायचे. त्यामुळे ब्लफ मारणे, म्हणजे हातात काही नसताना रक्कम लावून समोरच्याला पाने टाकायला लावण्याची हूल, मी शिकलो ते इतरांच्या चिप्स एकाकडून दुसऱ्याकडे सरकवता सरकवता. त्यातला सर्वांत स्वच्छ धडा ज्या रात्री मिळाला, त्याच रात्री माझ्या हातून एक लाजिरवाणी चूकही झाली.

जुलैतली पावसाची रात्र होती आणि गर्दी बेताची होती. टेक्सास होल्डेमचे एकच टेबल भरले होते, ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या लहान आणि मोठ्या रकमा, १०० आणि २०० रुपयांचे. या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने लपवून मिळतात आणि पाच पाने टेबलावर उघडी होतात: आधी तीन, म्हणजे फ्लॉप, मग चौथे टर्न आणि पाचवे रिव्हर.

सुरुवातीच्या एका डावात पुण्याच्या एका तरुणाने ६०० लावले आणि बेळगावकडच्या एका वयस्क व्यापाऱ्यांनी मोठ्या ब्लाइंडवरून ते भरले. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, चौकटची अठ्ठी आणि किलवरची तिर्री आली. तरुणाने ८५० लावले, व्यापाऱ्यांनी तेही भरले, पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, लहान ब्लाइंडचे १०० धरून ३,००० झाला. टर्नवर पंजी आली, दोघांनीही चेक केले, म्हणजे काहीच लावले नाही. रिव्हरवर दुर्री पडताच तरुणाने समोरचे सगळे १४,००० एकदम पुढे ढकलले. व्यापारी म्हणाले, "एवढे घातलेत, आता बघूनच जाऊ," आणि त्यांनी अठ्ठीच्या जोडीवर कॉल केला, म्हणजे रक्कम भरून पाने उघडायला लावली. तरुणाकडे गुलाम-दश्शी होती, म्हणजे काहीच नव्हते.

हिशेब मी मनातल्या मनात केला. ३,००० मिळवण्यासाठी १४,००० लावले, तर शंभरातल्या ८२ हून अधिक वेळा समोरच्याने पाने टाकली पाहिजेत, तेव्हा कुठे ही हूल परवडते. आणि हूल दिली कोणाला, तर संध्याकाळपासून एकही जोडी न टाकलेल्या माणसाला! शिवाय गोष्टही जुळत नव्हती: राजाची जोडी खरोखर असती तर टर्नवर हा गप्प का बसला असता? मी सिंधुदुर्गातल्या गावी कबड्डी खेळत वाढलो. तिथे हूल द्यायची तर चढाईपटूला पाय खरोखरच लागेल इतके आत जावे लागते. निदान रेषेच्या अलीकडे उभे राहून हातवारे केल्याने कोणी जागचे हलत नाही.

त्याच टेबलावर एक मराठी डॉक्टरबाई बसल्या होत्या. तासाभरात त्यांनी जेमतेम चार डाव खेळले होते, बाकी सगळी पाने टाकली होती. तिथेच अतिशय सावध खेळणारे एक गृहस्थही होते. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी फ्लॉपवर राजा दिसताच गुलामाची जोडी उघडी करून टाकली होती, आणि तसे करताना आपल्या शहाणपणाचा अभिमानही लपवला नव्हता.

बाईंनी ६०० लावले, त्या गृहस्थांनी मोठ्या ब्लाइंडवरून भरले, इतरांनी पाने टाकली. पॉट १,३००. फ्लॉप: इस्पिकची राणी, इस्पिकची नव्वी, चौकटची चव्वी. बाईंचे ८०० भरले गेले. टर्नवर इस्पिकची दुर्री आली आणि टेबलावर तीन इस्पिक झाले, म्हणजे कोणाकडे फ्लश, एकाच चिन्हाची पाच पाने, असू शकत होता. बाईंनी २,००० लावले, तेही भरले गेले. रिव्हरवर बदामची सत्ती पडली, कोणालाच उपयोगाची नव्हती. ६,९०० च्या पॉटमध्ये बाईंनी ५,००० लावले, आधीच्याच संथ हाताने. गृहस्थ बराच वेळ विचार करत राहिले, शेवटी राणी-राजा उघडे टाकून म्हणाले, "फ्लश आहे तुमच्याकडे."

बाईंनी पाने पालथीच माझ्याकडे सरकवली. ती ओढून घेताना माझ्या बोटाखाली एक पान उलटले: चौकटचा राजा. टेबलावर तीनच इस्पिक असताना फ्लशसाठी हातातली दोन्ही पाने इस्पिकची लागतात, त्यामुळे फ्लश नव्हता, हे सगळ्यांना क्षणात कळले. फ्लोअर मॅनेजर आले आणि माझी लेखी नोंद झाली. बाई त्यांना म्हणाल्या, "पाने मीच घाईने सरकवली." ते खरे नव्हते, हे कॅमेऱ्यालाही माहीत होते.

त्या गृहस्थांनी चिडून दुसरे पान कोणते होते, असे विचारले. बाईंनी सांगून टाकले: इस्पिकचा एक्का. खरे तर सांगायची काहीच गरज नव्हती, पण मला त्या एका शब्दात सगळा डाव उलगडला. एक्का आपल्याच हातात असल्याने समोर सर्वांत मोठा फ्लश असणे शक्यच नव्हते, हे त्या टेबलावर फक्त त्यांनाच ठाऊक होते. टर्नवर लावलेले २,००० तर निव्वळ थापही नव्हती, कारण न दिसलेल्या ४६ पानांत नऊ इस्पिक शिल्लक होते आणि त्यातले कोणतेही आले असते तरी डाव त्यांचाच होता. शेवटच्या ५,००० साठी शंभरातल्या ४२-४३ वेळा पाने पडली तरी पुरेसे होते, आणि गुलामाची जोडी उघडी टाकून मिरवणारा माणूस त्याहून बराच जास्त वेळा पाने टाकणार, हे तर मलाही सांगता आले असते.

मी पुन्हा त्या टेबलावर आलो तेव्हा तेच गृहस्थ पेटलेले होते. बाईंनी तीन नव्वींवर जवळजवळ पॉटइतकी रक्कम लावली आणि त्यांनी चव्वीच्या जोडीवर ती तत्काळ भरली. माझ्या चुकीची भरपाई बाईंना अशी झाली. नोंद मात्र माझ्या नावावर राहिली.

नदीपलीकडच्या बेती गावातल्या खोलीत आम्ही डीलर मंडळी सुट्टीच्या दिवशी काडेपेटीच्या काड्या लावून खेळतो. पुढच्याच सुट्टीत बाईंचा सगळा कित्ता गिरवून, योग्य माणूस आणि योग्य पान हेरून मी हूल दिली, आणि खोलीतल्या मित्राने हसत कॉल केला. "ब्लफ असला की तू काड्या रचून ढकलतोस," तो म्हणाला, "आणि पाने खरी असली की नुसत्या टाकतोस." तेव्हापासून मी दोन्ही वेळा रचूनच ढकलतो.