ताट की पाट

गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा

आज संध्याकाळी आत्याबाईंनी पाट मागितला आणि मी त्यांच्या हातात ताट ठेवले. घटना एवढीच आहे आणि घरात ती कोणाच्या लक्षातही राहिलेली नाही. मला मात्र झोप येत नाही, कारण त्यांनी ‘पाट’ म्हटलेले मला ऐकू आले होते.

हे नीट लिहून ठेवले पाहिजे. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, धूर बाहेर टाकणारा पंखा घरघरत होता, आणि ओठ दिसत नसतानाही तो ‘प’ माझ्यापर्यंत स्वच्छ पोहोचला. माझ्या कानात कॉक्लिअर रोपण आहे, आणि आवाज टिपून त्याच्याकडे पाठवणारे कानामागचे यंत्र, म्हणजे प्रोसेसर, नुकतेच बदलले आहे. जुन्या प्रोसेसरवर मला फार तर शेवटचा ‘आट’ मिळाला असता, आणि उरलेले मी घड्याळ, कुकरची शिट्टी व आत्याबाईंचा स्वभाव यांवरून जुळवून घेतले असते. साडेसात वाजले होते, म्हणजे ताटच. आजही मी नेमके तेच केले. कानाने पाट सांगितला आणि डोक्याने तो नामंजूर केला.

मग एवढा खटाटोप कशासाठी? रोपणासाठी सरकारी साहाय्य मिळते ते मुख्यतः मुलांना. मला नवा प्रोसेसर पदरमोड करूनच घ्यावा लागला. ह्यांनी ठेव मोडली, त्याविषयी आज लिहीत नाही. शिवाय बदलला तो केवळ कानामागचा भाग. आतले रोपण चौदा वर्षांपूर्वीचेच आहे, श्रवणनसेला विजेचे इशारे देणारे २२ इलेक्ट्रोडही तेच, आणि निरोगी कानात सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी जे काम करतात ते या बावीस टोकांकडून करून घ्यायचे आहे.

मंगळवारच्या चाचणीत शांत खोलीतली २० पैकी १७ वाक्ये मला जमली. जुन्यावरही तितकीच जमत होती. मागे गोंगाट लावल्यावर मात्र आकडा ७ वरून १२ वर गेला. ऑडिओलॉजिस्ट बाईंच्या मते खरा फरक तिथेच दिसायचा, कारण समोरचा आवाज राखून मागचा आणि बाजूचा दाबणे हे या यंत्रातल्या दोन मायक्रोफोनांचे काम आहे. येताना मी पेढे घेतले. आता वाटते, त्या बारांपैकी किती वाक्ये मी ऐकली आणि किती रचली? ‘आजीने देवापुढे दिवा लावला’ यातला ‘दिवा’ मला ऐकूच आला नव्हता. पण आजी, देव आणि लावला एवढे हाती आल्यावर दुसरे काय असणार? त्या न ऐकलेल्या दिव्याचा गुण मला मिळाला, आणि आज खरोखर ऐकलेल्या पाटाचा गेला.

माझ्या डोक्यात एक जुना कारकून बसलेला आहे, जो अर्ज न वाचताच शेरा मारतो. चौदा वर्षे त्यानेच लग्नकार्ये निभावली, बँकेतल्या खिडकीपाशी माझी अब्रू राखली, आणि ‘काय म्हणालात?’ हे विचारण्याचे शेकडो प्रसंग वाचवले. (ज्या प्रसंगी त्याने माझे हसे केले, ते इथे मोजत नाही.) आता कागदावरची अक्षरे ठळक झाली असली, तरी त्याला वाचायची सवय राहिलेली नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा मॅपिंग आहे. तिथे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती प्रवाह द्यायचा हे ठरेल, पण या गृहस्थांचे काय करायचे ते बाईंच्या संगणकावर ठरणार नाही. आणि खरे सांगायचे तर त्यांना निवृत्त करण्याची माझीही छाती नाही. शनिवारी मुंजीला जायचे आहे, तिथे पन्नास माणसे एकाच वेळी बोलणार आहेत.

आत्याबाई वळून म्हणाल्या, “ताट कशाला गं? पाट, पाट.” मी पाट दिला. ताट मात्र त्यांनी परत केले नाही. खाली बसून उद्याचे मटार सोलले आणि टरफले त्यातच टाकली.