१ एप्रिल २००१ रोजीचे घर

"भाऊ, ही वरची खोली २००१ साली होती, याचा कागद आहे का?" भुसावळच्या आमच्या जुन्या घराच्या जिन्यात उभे राहून मूल्यांकनकारांनी आज शांतपणे विचारले, आणि ज्या खोलीत आम्हा भावंडांचे सारे उन्हाळे गेले, तिच्यासाठी आई ट्रंकेतल्या घरपट्टीच्या पावत्या उपसू लागली.

मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर भांडवली नफा, म्हणजे ती विकून झालेला करपात्र नफा, काढताना त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते. मात्र जमीन किंवा इमारत असल्यास ते त्या तारखेच्या मुद्रांक शुल्क मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकार धरते त्या किमतीपेक्षा) जास्त धरता येत नाही. आज दारापर्यंत आलेल्या डांबरी रस्त्याचा त्यात काही उपयोग नाही. नंतरच्या बांधकामाचा खर्च वेगळा दाखवायचा, तोही पुराव्यासह.

अखेर वरच्या खोलीमुळे वाढलेल्या घरपट्टीची १९९८ सालची पावती सापडली. "आता खोली धरतो," मूल्यांकनकार म्हणाले. आईला हे फारसे रुचले नाही. तिच्या मते खोली होती हे तिने सांगितलेच होते. मला नियम कठोर वाटला, पण अन्याय्य नाही, कारण आठवणीवर किंमत ठरवायची झाली तर प्रत्येकाचे घर वाडाच निघेल.

तुमच्याकडे तेव्हाच्या घरपट्टीच्या पावत्या आहेत का?