जोकर लावायचा कुठे?

आमच्याकडे गणपतीत रात्रीची आरती आटोपली की रमी बसते. दोन कॅट एकत्र पिसायचे, तेरा-तेरा पानं वाटायची आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस ओरडेपर्यंत खेळत राहायचं. चाळीस वर्षं मी हेच करत आलेय. त्यामुळे गेल्या वर्षी भाच्याने माझ्या फोनवर 'बलाट्रो' हा पत्त्यांचा खेळ टाकून दिला आणि वर बजावलं, "मावशी, ट्युटोरियल पूर्ण कर हं, मधेच स्किप करू नकोस," तेव्हा मला जरा रागच आला. पत्ते आता फोन शिकवणार मला?

खेळ एकट्याने खेळायचा आहे. समोर भिडू नाही, घड्याळ नाही, नेटही लागत नाही. बनवणारा कॅनडातला एक माणूस. 'लोकलथंक' या टोपणनावानेच ओळखला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा खेळ संगणकावर आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फोनवर. एवढं भाच्याने सांगितलं आणि तो कॉलेजला पळाला.

सुरू केल्या केल्या स्क्रीन अंधारली आणि जोकरचं एक पान येऊन बोलायला लागलं. नाव जिम्बो. बोलतो म्हणजे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो, मजकूर बाजूच्या फुग्यात येतो. एका फुग्यात एकच गोष्ट, आणि ज्या वस्तूबद्दल तो बोलतोय तेवढीच उजळलेली. मी भराभर पुढे, पुढे करत गेले. जोडी म्हणजे काय, रंग म्हणजे काय, हे का मला सांगायला हवं?

इथेच पहिली ठेच लागली. खेळ म्हणाला, 'स्मॉल ब्लाइंड' निवडा. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं, आणि तसं खेळायला मी कधीच धजावत नाही. मी शोधत बसले की पानं बघायचं बटण कुठे आहे. तसलं बटण नव्हतंच, कारण पानं आधीच उघडी होती. इथे ब्लाइंड म्हणजे गाठायचा आकडा: पहिल्याला ३००, मग 'बिग ब्लाइंड' ४५०, मग 'बॉस'चे ६००. या तिघांची मिळून एक अँटी, आणि अशा आठ अँटी पार केल्या की डाव जिंकला. जिम्बोने हे सांगितलं असणार. मी फुगा वाचलाच नव्हता.

हातात आठ पानं असतात. त्यातली जास्तीत जास्त पाच उचलायची आणि एकतर खेळायची, नाहीतर टाकून नवी घ्यायची. सुरुवातीला मिळतो तो 'रेड डेक', त्यात चार हात खेळता येतात आणि चारदा पानं टाकता येतात. मी मोठ्या आनंदाने राजाची जोडी खेळले. डावीकडे दोन चौकोन आहेत, निळ्यात चिप्स आणि लालमध्ये 'मल्ट', म्हणजे गुणक. जोडीचे मुळातले १० चिप्स, दोन राजांचे प्रत्येकी १०, झाले ३०. जोडीचा गुणक २. एकूण साठ.

साठ! राजाच्या जोडीचे!

बोटांवर हिशोब केला. अशा चार जोड्या लावल्या तरी २४०. म्हणजे पानं टाकून काहीतरी मोठं जमवायलाच हवं. हे वाक्य जिम्बोने उच्चारलं नाही, त्या तीनशेच्या आकड्याने माझ्याकडून काढून घेतलं. शिकवणारा हुशार आहे, हे तिथे पहिल्यांदा वाटलं.

मग मी सिक्वेन्सच्या मागे लागले. हातात बदामाची चार पानं होती, पाचवं आलं असतं तर रंग झाला असता. पण तीन पत्ती अंगात मुरलेली. तिथे रंगापेक्षा सिक्वेन्स मोठा आणि सगळ्यांवर ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं. मी बदाम मोडले आणि पंजी-छक्की-सत्तीच्या पुढे-मागे काही येतंय का बघत बसले. इथला हिशोब पोकरचा आहे. तीन सारखी पानं म्हणजे ३० चिप्स गुणिले ३, सिक्वेन्स ३० गुणिले ४ आणि रंग ३५ गुणिले ४. तीन पानांच्या खेळात रंगापेक्षा सिक्वेन्स दुर्मीळ, पाच पानांच्या खेळात उलटं. विचार केला तर साधं गणित आहे, पण चाळीस वर्षांत तो विचार करायची वेळच आली नव्हती. रन इन्फोच्या बटणामागे सगळा तक्ता आहे. तो मी दुसऱ्या दिवशी उघडला, वहीत उतरवून घेतला आणि वही उशाशी ठेवली.

पहिला ब्लाइंड कसाबसा निघाला आणि दुकान उघडलं. इथे पैसे म्हणजे खेळातलेच डॉलर, खऱ्या पैशांचा संबंध नाही. हे मी ह्यांना तीनदा सांगितलं, कारण मी फोनमध्ये 'चिप्स' म्हणत बसलेली त्यांनी ऐकली होती. त्यांच्या शंकेला आंतरराष्ट्रीय सोबतही होती म्हणा. युरोपात वयोगट ठरवणाऱ्या 'पेगी' या संस्थेने याच पोकरच्या हातांपायी या खेळावर १८ वर्षांचा शिक्का मारला होता, तो २०२५ मध्ये १२ वर आणला. मी बावन्न वर्षांची आहे, दोन्हींत बसते.

दुकानात जिम्बोने बोट दाखवून एक पान घ्यायला सांगितलं. पान त्याचंच: 'जोकर', किंमत दोन डॉलर, गुणकात चारची भर. शेजारी 'एम्प्रेस' नावाचं टॅरोचं पान होतं. मी दोन्ही घेतली आणि पुढचा ब्लाइंड लावला.

आणि जोकर यायची वाट बघत बसले.

खरंच. आठ पानं आली, त्यात जोकर नाही. तीन टाकली, तीन आली, तरी नाही. रमीत जोकर हाताशी आला की तो कोणत्या फटीत बसवायचा याचा विचार आधीच सुरू होतो. अठ्ठी आहे, दश्शी आहे, मधल्या नव्वीच्या जागी जोकर. माझ्याकडे तशी अठ्ठी-दश्शी होतीही. कॅटमधली पानं संपत चालली तरी हा येत का नाही? शेवटी वैतागून राजाची जोडी खेळले. डावीकडचे ३० तसेच राहिले, पण वरच्या बाजूला काहीतरी थरथरलं आणि लाल चौकोनातल्या दोनाचे सहा झाले. १८०. तेच दोन राजे, मगाशी साठवर थांबलेले.

तो सुरुवातीपासून वर बसला होता. हातात येणारच नव्हता. या खेळातला जोकर कुणाच्या जागी बसत नाही, तो बाजूला बसून नियम वाकवतो. असे पाच ठेवायला जागा असते आणि जवळजवळ सगळा खेळ त्या पाच जागांचाच आहे. पत्ते निमित्त.

बिग ब्लाइंड पार पडेपर्यंत जिम्बोची बडबड कमी होत गेली, आणि मग तो गप्पच झाला. राहिलेलं मी हरून शिकले. प्रत्येक ब्लाइंडनंतर हिशोबात व्याजाची ओळ येते, शिल्लक दर पाच डॉलरवर एक, जास्तीत जास्त पाच. जन्मभर पोस्टात आवर्ती ठेव भरणारी मी, आणि ती ओळ मला चौथ्या डावात दिसली. एका बॉसच्या वेळी किलवरची सगळी पानं निकामी झाली. पाच किलवर लावले तर रंग धरला गेला, पण पानांचे गुण शून्य.

सगळ्यात उशिरा कळला तो जोकरांचा क्रम. ते डावीकडून उजवीकडे मोजले जातात. माझ्याकडे तो साधा चारवाला होता आणि एक 'कार्ड शार्प', जो त्याच फेरीत तोच हात पुन्हा खेळला की गुणक तिप्पट करतो. राजाची जोडी दुसऱ्यांदा लावली तर आधी भर आणि मग तिप्पट: दोन अधिक चार सहा, सहा त्रिक अठरा, गुण ५४०. मी ठेवले होते उलटे. दोनाचे सहा, त्यात चार, दहा. गुण ३००. नुसतं बोटाने सरकवून जागा बदलायची होती. दोन संध्याकाळी मी तशाच घालवल्या.

रविवारी भाचा आला. मी कौतुकाने सांगितलं, पहिल्याच दुकानात जोकर मिळाला, एम्प्रेस मिळाली, नशीबच म्हणायचं. तो हसायला लागला. "मावशी, पहिल्या डावात सगळ्यांना तेच मिळतं. पानं लावून ठेवलेली असतात."

मला आजोबा आठवले. बदाम सात शिकवताना मला पहिल्याच डावात सत्त्या कशा यायच्या आणि पिसताना ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे का बघायचे, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"आजोबापण लबाडच होते की," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

अजून आठवी अँटी पार झालेली नाही. सहावीत अडकते. हरलं की जिम्बो येऊन टोमणा मारतो, तो आता मी वाचते. यंदाच्या गणपतीत मात्र गंमत झाली. रमीत पहिल्याच वाटपात छापील जोकर आला, तो मी हातात न घेता समोर सतरंजीवर डाव्या बाजूला नीट मांडून ठेवला आणि उरलेली बारा पानं लावत बसले. दोन फेऱ्या गेल्या. मग जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तो लाव ना कुठेतरी! देवापुढे ठेवल्यासारखा काय ठेवलायस?"