नाव घासून देत नाही

रविवार, रात्री पावणेअकरा

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी सहाला छत्रपती संभाजीनगरच्या जाफर गेटच्या बाजारात जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची पथारी टाकली तेव्हा थंडीनं बोटं वळत नव्हती. शेजारी जुनी हत्यारं विकणाऱ्या चाचांनी चहा पाजला. बोहनी पावणेआठला झाली. एक अडकित्ता गेला, दीडशेला. मग तासभर नुसते बघणारे. बंबाची तोटी फिरवून बघायची, "आमच्या आजीकडं होता असा" म्हणायचं आणि पुढं जायचं. मला त्यांचा राग येत नाही. तेवढं बोलायला तरी माणूस थांबतो.

साडेनऊला एक तरुण आला. हायवेला नवीन हॉटेल काढतोय, दारात फुलं-पाणी घालून ठेवायला तांब्याचं घंगाळ हवं होतं. माझ्याकडचं त्याला एकदम पसंत पडलं. पावणेपाच किलोचं, कड्या शाबूत, कुठं ठोक नाही. मी ते ३२०० ला घेतलंय. ४८०० सांगितले, त्यानं ४५०० म्हटलं, मी हो म्हणाले. पैसे काढता काढता त्याचं लक्ष काठाकडं गेलं.

"ताई, हे नाव कुणाचं?"

"ज्यांचं घंगाळ होतं त्यांचं."

"एवढं घासून द्या ना. आपल्या हॉटेलात दुसऱ्याचं नाव कशाला?"

मी म्हटलं, "नाव घासून देत नाही भाऊ. तसंच न्यायचं असेल तर शंभर अजून कमी करते." त्यानं दोनदा विचारलं, मग गेला. दोन पथाऱ्या सोडून तिसरीवर पॉलिशवाला बसतो, तो दहा मिनिटांत नाव उडवून देतो. तरी मी तिकडं बोट दाखवलं नाही.

४४०० रुपये हातचे गेले. घरी सांगितलं तेव्हा हे काही बोलले नाहीत, पण टेम्पोचा हप्ता दहा तारखेला आहे हे दोघांनाही माहीत आहे.

तरी मला वाटतं, मी बरोबर केलं. त्या काठावर छिन्नीनं ठोकलेल्या ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत एका बाईचं नाव आहे, खाली "मामांकडून", आणि मग गाव, ता. गंगापूर. भांड्यावर नाव घालायची आपली रीत मिरवण्यापुरती नव्हती. गावात लग्न निघालं की पंगतीला घराघरातून पातेली, पराती, घंगाळं गोळा व्हायची. चार दिवसांनी ज्याचं भांडं त्याच्या घरी परत जायचं ते त्या नावामुळंच. एरवी शेताच्या कागदावर, घराच्या कागदावर बाईचं नाव कुठं यायचं? भांड्यावर मात्र यायचं. माहेरचं आलेलं ते तिचंच, हे त्या ठिपक्यांनी पक्कं केलेलं असायचं. ते मी कानशीनं कसं खरवडू?

आणि दुसरं एक कारण आहे, जास्त व्यवहाराचं. अकराच्या सुमारास एकजण पोत्यात गुंडाळून पितळेची समई घेऊन आला. भाव मोडीपेक्षाही कमी सांगत होता, तिथंच मनात पाल चुकचुकली. उलटी करून बघितली तर बैठकीखाली "स्मरणार्थ अर्पण" एवढं वाचता येत होतं, आणि त्याच्या पुढचा भाग ताजा घासलेला, पिवळाधमक. देवस्थानाचं नाव असणार तिथं. मी हात जोडले आणि परत दिली. मूर्ती, पोथ्या मी मुळातच घेत नाही. शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या कायद्यानं परवाना लागतो, पोथी असली तर पंच्याहत्तर वर्षांतच ती त्यात येते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, नाव घासायची घाई कुणाला असते हे आज डोळ्यांनी बघितलं. नाव हा त्या भांड्याचा साक्षीदार आहे.

दुपारी धान्य मोजायची जुनी मापं, एक मापटं आणि एक चिपटं, एका गुरुजींनी नेली, वर्गात दाखवायला. बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाबांनी त्यांना तिथंच शिकवून टाकलं: दोन चिपट्याचं मापटं, दोन मापट्याचा शेर, चार शेराची पायली, सोळा पायल्याचा मण. एका दमात! मी साठ रुपये सोडून दिले.

शेवटी गेली ती तांब्याची देगची. तिच्यावर उर्दूत काही कोरलेलं होतं, मला वाचता येत नाही. चाचांनी चष्मा लावून वाचलं. एक नाव आणि १३४९, पुढं 'फे' अक्षर. "फसली है बेटा, निजाम के जमाने का साल." इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९३९ च्या आसपासची. घेणाऱ्या बाईंना बिर्याणीलाच हवी होती. आतली कल्हई पार उडालेली, म्हणून बजावलं की आधी कल्हई करून घ्या, तोवर त्यात दही-चिंच काही शिजवू नका. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "राहू द्या, छान आहे."

घरी आल्यावर वही काढली. विकायच्या आधी प्रत्येक भांड्यावरचं नाव, गाव, साल मी तीत उतरवून घेते, शेवटच्या रकान्यात कुणाकडं गेलं ते. आज देगचीची ओळ पुरी झाली. घंगाळापुढचा रकाना रिकामा आहे. ते टेम्पोतून उतरवलेलं नाही. पुढच्या रविवारी तेच आधी मांडायचं, काठ पुढं करून.