क्रमांक नसलेले घर आणि त्याची कुलुपे

इंग्लंडमध्ये मोटारीमागे ओढून नेण्याच्या कॅरव्हॅनला, म्हणजे चाकांवरच्या घराला, स्वतःचा नोंदणी क्रमांक नसतो, ही गोष्ट निपाणीत राहणाऱ्या माझ्या बाबांना अजूनही पटलेली नाही. मागे लावलेली पिवळी पाटी ही पुढच्या मोटारीच्याच क्रमांकाची असते. उद्या दुसऱ्या मोटारीने कॅरव्हॅन ओढली, की पाटीही दुसरी लागते. आपल्याकडे हालसिद्धनाथ कारखान्याकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही आरटीओचा वेगळा क्रमांक घ्यावा लागतो, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरलाही वाहन मानले आहे. ट्रॉलीवरचा क्रमांक चिखलाने झाकलेला असेल, कधी रंगवायचाही राहून गेला असेल, हे मला मान्य आहे. पण चिकोडीच्या कार्यालयात केए २३ ने सुरू होणारी तिची नोंद असावी, अशी कायद्याची अपेक्षा तरी आहे. इथे ज्या वस्तूच्या किमतीत आपल्या भागात बऱ्यापैकी घर उभे राहील, तिच्याबाबत सरकारची तेवढीही अपेक्षा नाही.

हे सगळे लिहावेसे वाटले, कारण घर विकून अशाच कॅरव्हॅनमध्ये बारमाही राहणारे आम्ही ज्या शेतावर मुक्कामाला होतो, तिथून शेजाऱ्यांची कॅरव्हॅन भरदिवसा चोरीस गेली. असे छोटे तळ इथे बहुतेक शेतकरीच चालवतात आणि त्यावर एका वेळी पाचच कॅरव्हॅन उभ्या राहू शकतात. ते वयस्क जोडपे बाजारातून परतले, तेव्हा पिवळे पडलेले चौकोनी गवत आणि त्याच्या चार कोपऱ्यांत टेकूंनी पाडलेले खड्डे एवढेच शिल्लक होते. वीजजोडणीची तार चोरांनी उपसून बाजूला टाकली होती. त्या जोडप्याच्या औषधांच्या गोळ्यासुद्धा आतच होत्या.

हे इतके सोपे का, याचे उत्तर जोडाच्या मापात आहे. युरोपभर कॅरव्हॅन अडकवायचा मोटारीमागचा गोळा ५० मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे कोणाचीही मोटार कोणाचीही कॅरव्हॅन ओढून नेऊ शकते. म्हणून पहिले कुलूप जोडावर बसते आणि दुसरे चाकावर. जोडावरचे कुलूप फोडता येते, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. खरा भरवसा चाकावरच्या कुलुपाचा. आमचे कुलूप आल्को कंपनीचे आहे. चाकामागे कायमची बसवलेली पोलादी खोबण असते आणि अलॉय चाकाच्या दोन आऱ्यांमधून बोल्ट घालून तो तिच्यात घट्ट पिळायचा असतो. त्यासाठी आऱ्यांमधली फट आणि खोबण तंतोतंत समोरासमोर यावी लागतात. जमीन उतरती असेल, तर चाक फळीवर चढवून कॅरव्हॅन समतल करायची आणि त्याच वेळी फटही जुळवायची, हे फार चिकाटीचे काम आहे. माझे यजमान चाकाशी गुडघे टेकून बसतात आणि मी रिमोटवरच्या मोटरने कॅरव्हॅन बोटभर पुढे, बोटभर मागे सरकवते. टायरवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली आहे. ती थेट तळाशी आली, की फट जुळते. पावसातही हे केल्याशिवाय आम्ही कोपऱ्यांचे टेकू खाली सोडत नाही. सरकवण्याच्या या मोटरची मुख्य किल्ली मात्र काढून जवळच ठेवावी लागते, नाहीतर चोराला आयते साधन मिळते.

सरकारी नोंदणी नसली, तरी कॅरव्हॅन उद्योगाच्या राष्ट्रीय परिषदेने १९९२ पासून क्रिस नावाची नोंदवही चालवली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. तेव्हापासून इथे बनलेल्या बहुतेक कॅरव्हॅनचा सतरा अक्षरांकांचा क्रमांक खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. नव्या कॅरव्हॅनच्या आत चिपही लपवलेली असते. जुनी कॅरव्हॅन विकत घेताना काचेवरचा, चासीवरचा आणि कागदावरचा क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आमचा क्रमांक आम्ही छतावरही ठळक अक्षरांत लावून घेतला आहे, म्हणजे वरून पाहणाऱ्यालाही तो वाचता येतो.

माझा खरा राग आहे तो विम्यावर. अर्जातला पहिलाच प्रश्न असतो, की कॅरव्हॅन रात्री कोणत्या पत्त्यावर उभी असते. आमच्यासारख्या बारमाही फिरणाऱ्या माणसांनी या चौकटीत काय लिहावे? सुट्टीपुरत्या फिरणाऱ्यांच्या पॉलिसीत कायमच्या वास्तव्याला संरक्षण नसते, आणि ही अट बारीक अक्षरांत असते. चौकशी केली, तेव्हा एका कंपनीच्या प्रतिनिधीने आम्हांला नातेवाइकाचा पत्ता देण्याचे सुचवले. आम्ही नकार दिला, कारण चोरी झाल्यावर तेच असत्य दावा नाकारण्याचे कारण ठरले असते. शेवटी बारमाही राहणाऱ्यांसाठीची वेगळी पॉलिसी अधिक हप्ता भरून घेतली. मौल्यवान वस्तू कॅरव्हॅनमध्ये ठेवू नका, हा इथला नेहमीचा सल्लाही घर असलेल्यांसाठी आहे. आमचे पासपोर्ट, दागिने, पदव्यांची प्रमाणपत्रे दुसरीकडे कुठे ठेवणार? पलंगाखाली जमिनीला बोल्टने आवळलेली तिजोरी, हाच आमचा उपाय.

घर विकून असे चाकांवर राहणे म्हणजे संकट ओढवून घेणे, असे आमचे नातेवाईक फोनवर सुचवत असतात. त्यांना मी अक्कोळची आठवण करून देते. आपल्याच भागातल्या त्या गावी जन्मलेल्या बाळूमामांची बकरी आजही महाराष्ट्रात आणि कर्नाटकात शिवारा-शिवारांतून फिरतात, आणि ज्याच्या रानात तळ पडतो तो शेतकरी स्वतःला भाग्यवान समजतो. फिरस्त्याचे रक्षण गावाने करायचे ही रीत आपल्याकडे अजून टिकून आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. इथे तशी श्रद्धा नाही. पण तळावरचे अनोळखी शेजारी, आम्ही फिरायला निघालो की, कधी परतणार हे विचारून ठेवतात. ओळखीची नसलेली मोटार आमच्या कॅरव्हॅनकडे वळली, तर ते बाहेर येऊन उभे राहतात. बेळगावातल्या बंद फ्लॅटवर इतके लक्ष कोण ठेवते, हेही नातेवाइकांनी मला सांगावे.

दिवाळीला निपाणीला यायचे ठरले, की कॅरव्हॅन एकटी सोडावी लागते. तेव्हा आम्ही कासोआ या संघटनेने गोल्ड दर्जा दिलेल्या साठवण-आवारात जागा घेतो. या दर्जामुळे विम्यात सवलत मिळू शकते, पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कुंपण, कॅमेरे आणि फाटकावरचे नियंत्रण. निघण्यापूर्वी दोन्ही कुलुपे लावतो, तिजोरी रिकामी करून कागदपत्रे सोबत घेतो आणि लपवलेल्या ट्रॅकरची चाचणी घेतो. ट्रॅकर आणि अलार्म दोन्ही बॅटरीवर चालत असल्याने हिवाळ्यात ती उतरते. म्हणून यंदा छतावरचे सौर पॅनेल बदलून मोठे बसवले आहे, आणि कॅरव्हॅन जागची हलली तर निपाणीत माझ्या मोबाइलवर सूचना येईल अशी व्यवस्था केली आहे.