छागला आणि आमचे नागरिकशास्त्राचे सर

फेब्रुवारी १९८१ मध्ये न्यायमूर्ती महंमद करीम छागला गेले, तेव्हा मी नववीत होतो. नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर सनावळी मांडली: १९२७ शासकीय विधी महाविद्यालयात राज्यघटनेचे प्राध्यापक, १९४७ मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, १९५८ अमेरिकेत राजदूत, १९६३ शिक्षणमंत्री, १९६६ परराष्ट्रमंत्री.

वकिलीच्या सुरुवातीला त्यांनी जीनांच्या हाताखाली उमेदवारी केली होती आणि नेहरू अहवालावरून (१९२८ चा भारताच्या राज्यघटनेचा आराखडा) त्यांच्यापासून ते दूर झाले, हे सरांनी एका वाक्यात उरकलं. रेंगाळले ते दादरा-नगर हवेलीवर, म्हणजे तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या, पण चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या मुलखावर. आपल्या मराठी तरुणांचा वाटा असलेला तो १९५४ चा मुक्तिलढा! पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, आपल्याच ताब्यातल्या किनाऱ्यावरच्या दमणहून भारतातून तिथे जाण्यायेण्याचा हक्क मागितला. त्या खटल्यात भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून छागला बसले. १९६० च्या निकालात नागरिक आणि मालापुरता हक्क मान्य झाला, सैन्य आणि शस्त्रांना मात्र नाही. भारताने कर्तव्यभंग केल्याचंही न्यायालयाने मानलं नाही. सरांनी दमणपासून हवेलीपर्यंत खडूने रेघ ओढली आणि मधला भारताचा प्रदेश हाताने झाकून विचारलं, "आता कुठून जाल?" आंतरराष्ट्रीय कायदा मला त्या क्षणी कळला. पुढे मी वकील झालो, त्याचं मूळ तिथे आहे.

परराष्ट्रमंत्रिपद जेमतेम दहा महिने टिकलं. विद्यापीठांचं शिक्षण घाईने प्रादेशिक भाषांत नेलं तर देशाची बौद्धिक एकी तुटेल, अशी त्यांची धारणा होती. सरकारचं धोरण पटेना, म्हणून सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. वाद परराष्ट्र खात्याचा नव्हताच. खुर्ची सांभाळून गप्प बसणं त्यांना सहज जमलं असतं, म्हणून तर मला हा राजीनामा फार मोठा वाटतो.

आमचे सर मराठी माध्यमाचे कट्टर पुरस्कर्ते. भाषेच्या प्रश्नावर छागला चुकले, असं त्यांचं ठाम मत, आणि तरीही त्यांच्याबद्दल बोलताना सरांचा आवाज भरून आला होता. त्यांनी गृहपाठ दिला: राजीनाम्याची बाजू मांडा. मराठीच्या अभिमानाने पेटलेल्या आम्हा पोरांना! मी तावातावाने दोन पानं लिहिली. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईत तीनदा एकच शेरा होता: "आधार काय?"