ट्रायपॉडपायी

नागपूरहून हैदराबादला थेट विमान असताना मुंबईमार्गे जाणारा माणूस आमच्या घरात वेडाच ठरतो. पण हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर दर दोन वर्षांनी भरणाऱ्या विंग्स इंडिया या विमानांच्या प्रदर्शनाला निघालो होतो, आणि जाता जाता मुंबईचं विमानतळ बघायची हौस होती. शिवाय ज्या विमानांत बसतो त्यांचे नंबर मी वहीत लिहितो, आणि बोइंगचं ७३७ मॅक्स त्यात अजून नव्हतं. म्हणून दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली. ४:१० ला मुंबईच्या टर्मिनल १ वर (टी-१) उतरायचं, ७:०५ ला टर्मिनल २ वरून (टी-२) उडायचं. भरपूर वेळ!

उतरण्याआधी दोन घिरट्या झाल्या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. शेजारचे काका वैतागले, मी मात्र खूश. २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरताना उजवीकडची खिडकी घ्यावी, आधी टी-२ दिसतं, मग टी-१. चाकं टेकली ४:३५ ला.

आणि मग तो बॅगेचा पट्टा.

दोन तिकिटं वेगळी असली की सामान आपोआप पुढच्या विमानात जात नाही, हे मला माहीत होतं. तरी ट्रायपॉड केबिनमध्ये घेऊ देतील की नाही या भीतीने बॅग चेक-इनला टाकली होती. पट्टा सुरू झाला, पाच-सहा बॅगा आल्या आणि थांबला. पुन्हा सुरू झाला तेव्हा निळ्या सुतळीने बांधलेला संत्र्यांचा एक खोका तेवढा फिरत होता. त्याचा मालक कुठे होता देव जाणे. चौथ्या फेरीला त्याच्या फटीतून डोकावणारं पान मला ओळखीचं वाटू लागलं. कंपनीच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘‘येतंय सर, दोन मिनिटं.’’ वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं, पुन्हा दोनच मिनिटं. (कंपनीचं नाव घेत नाही, परतीचं तिकीटही त्यांचंच होतं.) बॅग सोडून निघावं तर ट्रायपॉड जाणार, थांबावं तर विमान. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे माझी खरी वेळ ७:०५ नव्हतीच, ६:०५ होती. हे गणित लोक करत नाहीत. मीही पट्ट्यासमोर उभा राहूनच केलं. मध्येच बायकोने बांधलेली लाल फीत दिसली, झडप घातली, तर ती दुसऱ्याच बाईंची बॅग. फीत लाल बांधू नका, सगळेच लाल बांधतात.

माझी आली ५:३० ला. पट्ट्यासमोर चाळीस मिनिटं!

बाहेर टॅक्सीवाले ‘‘टी-टू, टी-टू’’ ओरडत होते. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्यांच्या नादी लागू नका. मेट्रो-३ आता दोन्ही टर्मिनलांना आहे, मध्ये फक्त सहार रोड स्टेशन. मात्र तिथेही बॅग मशीनमधून जाते आणि वर आल्यावर चाल आहे, ती धरून चाला. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप, घरीच करून ठेवलं होतं, म्हणून गेटवरची रांग वाचली. काउंटरवर पोचलो ६:०१ ला. तिथल्या मुलीने घड्याळाकडे पाहिलं, माझ्या घामाकडे पाहिलं आणि बॅग घेतली. सिक्युरिटीचं आठवतही नाही. हो, पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती हातातच लागते. माझी घाईत आत गेली होती, काउंटरवर सगळ्यांसमोर बॅग उघडून, मोजे बाजूला सारून काढावी लागली.

टी-२ च्या काचेतून काय काय बघायचं ठरवलं होतं! गेटवर पोचलो तेव्हा बोर्डिंग संपत आलं होतं. एअरोब्रिजमधून धावतच आत शिरलो, सीट मधली. हैदराबादला उतरताना दारातल्या एअरहोस्टेसला विमानाचा नंबर विचारला, म्हणजे त्याच्या अंगावर लिहिलेला, ‘व्हीटी-’ने सुरू होणारा. ती हसून म्हणाली, ‘‘फ्लाइट नंबर ना सर? बोर्डिंग पासवर आहे.’’ मागून लोक ढकलत होते. वहीत त्या ओळीवर ‘७३७ मॅक्स, व्हीटी-’ एवढंच लिहिलं आहे.